भिंतीवरचं गोणपाट

“इलो मेलो!” एवढंच तो म्हणायचा. हातातली चहाची बशी खाली ठेवायचा, डाव्या डोळ्यावर तळवा दाबायचा आणि गॅलरीच्या टोकाच्या भिंतीकडे चालू लागायचा. मग पहिला दणका ऐकू यायचा.

माणूस स्वतःचं डोकं भिंतीवर कसं आपटतो, हे तुम्ही कधी पाहिलंय? लालबागच्या आमच्या चाळीत मी ते चार वर्षं पाहिलं. तो मालवणकडचा, गिरणीत साच्यांवर काम करणारा विणकर. मी शेजारच्या खोलीतला, म्युनिसिपालिटीच्या शाळेतला मास्तर. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते आणि चाळीच्या फळ्यावर रोजच्या बातम्या लिहायचं काम माझ्याकडे होतं.

त्याचं दुखणं, म्हणजे त्याच्या बोलीतला तो ‘मेलो’, वेळेचं पक्कं. दुपारी चारच्या ठोक्याला यायचं, महिना-दीड महिना रोज यायचं, आणि मग वर्षभर पत्ता नसायचा. डावा डोळा लालबुंद व्हायचा, त्यातून पाण्याची धार लागायची. “डोळ्यात दाभण घालून फिरवल्यासारख्या वाटता, मास्तर,” तो सांगायचा. एकदा मी त्याला मागून धरायला गेलो, तर त्याने मला असं भिरकावलं की कठड्यावर आपटून माझं मनगट मोडलं. तासाभराने हाच गृहस्थ खाली मान घालून दारात उभा. “मास्तरांनू, माका माफ करा. तो मी नव्हतंय.”

त्या भिंतीवर त्याने स्वतःच गोणपाटाची जाड घडी करून खिळ्यांनी ठोकली होती. कोणी विचारलं की म्हणायचा, “भिंतीक लागता हो.” आम्ही हसायचो. भिंतीपलीकडे एक बाळंतीण होती आणि दणक्यांनी तिचं पोर दचकून उठायचं, हे मला फार उशिरा कळलं.

एकही इलाज करायचा बाकी ठेवला नाही. एकाने चष्मा दिला. भगताने मिरच्यांच्या धुरात बसवून केरसुणीने झोडपलं. एका दातवाल्याने डाव्या बाजूच्या तीन चांगल्या दाढा उपटल्या. रक्त थुंकत तो मला म्हणाला, “दाढो गेल्यो मास्तर, पण मेलो हयच आसा.”

मग ती दुपार आली. नाक्यावर मोर्चा अडवला होता, लाठ्या चालत होत्या, अश्रुधुराने चाळीतल्या बायकांचेही डोळे चुरचुरत होते. त्याच वेळी चार वाजले. त्या दिवशी त्याचा नेम चुकला. गोणपाट राहिलं बाजूला आणि कपाळ भिंतीच्या कोपऱ्यावर फुटलं. त्याची बायको आणि मी त्याला परळच्या इस्पितळात नेलं. तिथे फरशीवर रक्ताचा चिखल झाला होता आणि फुटकी डोकी ओळीने बसली होती.

“लाठी?” वॉर्डबॉयने विचारलं.

“नाय हो, माझ्या डोक्यात...” तो बोलू लागला. मी त्याचा हात दाबला आणि म्हणालो, “हो, लाठी.”

लाठी लागलेल्यांना आधी आत घेत होते, म्हणून मी तसं बोललो. पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. आमच्या चाळीतून तोवर एकही जखमी नव्हता आणि मला तो हवा होता. टाके पडले, कागदावर ‘लाठीचा मार’ आलं, आणि मी ते फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं. चाळीने त्याला हार घातला. “माका लाठी नाय लागली हो!” तो सगळ्यांना सांगत होता. लोक म्हणाले, “बघा, काय साधा माणूस!”

पुढच्या वर्षी दुखणं परत आलं. आम्ही तीनदा इस्पितळात गेलो. तीनदा डॉक्टरांनी जुना कागद पाहिला आणि सांगितलं, “मार भरून आलाय, विश्रांती घ्या.” शेवटच्या खेपेला पायऱ्या उतरताना तो म्हणाला, “मास्तर, खरां सांगूया?”

“पुढच्या वेळी सांगू,” मी म्हणालो. मला हाराची आणि फळ्याची लाज वाटत होती.

त्याच आठवड्यात त्याची पाळी बदलली. आता दुपारचे चार गिरणीत वाजायचे. तिथे गोणपाट नव्हतं, लोखंडी खांब होता. दोघांनी त्याला धरलं. एकाच्या हाताला कडकडून चावून तो सुटला. पाचव्या दणक्याला खाली पडला, तो उठला नाही.

इस्पितळात कागद भरणाऱ्या तरुण डॉक्टरने विचारलं, “लाठी कधी लागली होती?”

“कधीच नाही,” मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

त्याचं लिहिणं थांबलं. “एकच डोळा? रोज ठरलेल्या वेळी?”

“हो.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत? एक इंजेक्शन देऊन पाहता आलं असतं.”

चाळीत परतलो तर पोरांनी फळा धुऊन ठेवला होता. “मास्तर, ‘हुतात्मा’ लिहा.” मी खडू घेतला आणि लिहिलं, ‘लाठी लागली नव्हती. डोकं दुखत होतं. मी खोटं लिहिलं होतं.’ कोणीतरी माझी गचांडी धरली, कोणीतरी तोंडात मारली. फळा पुसला गेला आणि त्यावर त्यांना हवं होतं ते आलं.

पुढे राज्य मिळालं. चाळीला चुन्याचा हात द्यायचं ठरलं. रंगाऱ्याने खिळे उपसून गोणपाट ओढलं. रक्ताने ते पत्र्यासारखं ताठ झालं होतं. मी त्यामागची भिंत हाताने चाचपून पाहिली.

भिंतीला काहीसुद्धा लागलं नव्हतं.