देवघराचे खांब आणि बाबांची पट्टी

बाबा कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. म्हणजे पोलादाचा जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आधी करायचा. मी कोलार रोडवर घरबसल्या रेझिनची कानातली ओतते. आमचा दोघांचा धंदा एकच, हे मला देवघराला वाळवी लागली तेव्हा कळलं.

आईच्या देवघराचे वीतभर उंचीचे सहा नक्षीदार खांब वाळवीने खाल्ले होते. बाबांचा हात हल्ली कापतो. मी म्हटलं, "एकच कोरा, बाकी मी ओतते."

"जमलं नाही तर पेटी कबाडीला देऊन टाकीन," ते म्हणाले. थट्टा नव्हती ती. पेटीत नोकरीभराची हत्यारं होती.

जुन्या खांबाची मापं मी माझ्या पट्टीने घेऊन त्यांना लिहून दिली. त्यांनी कोरलेल्या खांबावर मी आई-बाबांच्या सोनागिरीच्या घरीच साच्यासाठी सिलिकॉन ओतलं. दुसऱ्या दिवशी साचा सोडवला, तर हात थरथरला होता तिथली बारीक रेघसुद्धा उतरलेली. मग रेझिन कालवताना बाबांचे प्रश्नावर प्रश्न. बुडबुडे कुठे जातात? डबा गरम का झाला? लहानपणी मी त्यांना असंच भंडावून सोडायचे.

खांब देखणा निघाला, पण जागेवर बसेना. चांगला चार मिलिमीटर मोठा.

"हात गेले माझे," बाबा म्हणाले आणि पेटी दाराशी नेऊन ठेवली.

मला रडू फुटलं, पण डोक्यात एक किडा वळवळत होता. हाताची चूक असती तर नक्षी वेडीवाकडी आली असती. हा तर सगळीकडून सारखाच मोठा! मी पेटीतून त्यांची स्टीलची पट्टी काढून माझ्या पट्टीला लावली. शून्यापाशी दोन्ही जुळल्या. तिसाच्या खुणेपाशी बाबांची पट्टी सहा मिलिमीटर पुढे.

"बाबा, ही पट्टी खोटी आहे?"

"खोटी कशाला? पोलाद गार होताना आकसतं, म्हणून आमची पट्टी आधीच तेवढी मोठी..." ते थांबले. "तुझं रेझिन आकसत नाही?"

"अगदी नावापुरतं."

"कमाल आहे तुमची," आई आतून म्हणाली. "रिटायर झालात, तरी देवाला कारखान्याचंच माप!"

बाबांनी माझी पट्टी उचलली. हात तसाच कापत होता. दुसरा खांब कोरायला चार दुपारी गेल्या. त्यावरून ओतलेला पहिला खांब चपखल बसला.

बाबांनी पेटी आत आणली. "तुझी पट्टी," ते म्हणाले, "राहू दे माझ्या पेटीत."