गोगो, इलायस आणि हॉलच्या फॉर्मवरचा शिक्का

इलायस आणि गोगो यांच्यावर अन्याय झाला तो गुरुवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी. इलायस रेंजर होता. गोगो हत्तीण होती. गोगो म्हणजे त्याच्या भाषेत 'आजी', हे नाव त्यानंच तिला दिलं होतं. दोघांना गोळ्या घातल्या. कशासाठी, तर तिच्या दोन दातांसाठी.

मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये पाच वर्षं शॉर्ट सर्व्हिस केली, कॅप्टन म्हणून बाहेर पडलो. मग आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका खाजगी अभयारण्यात वायरलेस सांभाळायची नोकरी धरली. काळे गेंडे, रानकुत्रे, हत्ती. कुंपणाच्या आत आमचे, बाहेर कुणाचेच नाहीत.

रोज साडेपाचला रेडिओ चेक. गस्तीच्या बाकीच्या तुकड्या 'ऑल क्लिअर' म्हणून गप्प व्हायच्या. इलायस नाही.

"कॅप्टन, गोगो पाणवठ्यावर. तुमच्या आधी उठलीये, ओव्हर."

"फालतू बोलू नकोस. लोकेशन दे."

"तिच्या मागेच आहे. वासावरून ओळखा."

त्या गुरुवारी तीन वाजून सात मिनिटांनी तो कुजबुजत बोलला.

"चार माणसं, दोन रायफली. गोगोपासून दोनशे मीटर. पुढे जाऊ?"

त्याच्याबरोबर एकच जोडीदार. बॅकअपशिवाय भिडायचं नाही, हा नियम.

"निगेटिव्ह. गाडी पंधरा मिनिटांत येते."

"तिच्याकडे पंधरा मिनिटं नाहीत."

"स्टँड बाय, इलायस. ऑर्डर आहे."

"रॉजर."

तो तेरा मिनिटं थांबला. पहिली गोळी गोगोला लागली तेव्हा उठला. दुसरी त्याला. तीन बावीसला गाडी पोचली, शिकारी पळाले. दात तसेच राहिले. ते आम्हीच काढून सरकारी गोदामात जमा केले. चौकशीत माझी ऑर्डर बरोबर ठरली.

पुढे मंजिरीला, माझ्या बायकोला, टोकियोत सॉफ्टवेअरचं काम मिळालं. तिच्याबरोबर मी टोकियोजवळच्या ग्योतोकुला आलो. अजून साडेपाचला जाग येते. लांबून गाडीचा आवाज येतो, मग शांतता. इलायसनं तासभर फालतू बोलावं असं वाटतं. पाणवठ्याजवळ त्याला पुरलं. तिथून कुणी काही कळवत नाही, आणि मीही विचारत नाही.

मागच्या रविवारी आपल्या इथल्या मराठी मंडळाची गणपतीसाठी हॉल बुक करायची मीटिंग झाली. फॉर्मवर सही चालत नाही, हान्को लागतो, म्हणजे नावाचा शिक्का. आपल्यातले सर्वांत जुने इंजिनिअर जोशीकाका. त्यांनी मखमली डबी उघडली.

"बघा, हस्तिदंती! प्रोजेक्ट संपला तेव्हा ऑफिसनं दिला."

"काका, दात कुणाचा?" मी विचारलं.

"अरे, इथे कायदेशीर आहे. दुकानातला आहे, जंगलातला नाही."

"मग काय, दुकानात उगवतो?" मंजिरी म्हणाली.

सगळे हसले. काकाही हसले, आणि शिक्का मारला. सुबक उमटला.

काका वाईट नाहीत. पण हौसेनं घेतलेली अशी डबी तुमच्याही कपाटात असेल. दुकानात मागणी आहे म्हणून तिकडे रायफल उचलली जाते. बँकेला लाकडी शिक्का चालतो, घरमालकाला चालतो. माझा लाकडीच आहे.

फॉर्म अजून दिलेला नाही. येत्या रविवारी मीटिंगला या. काकांना तो फाडायला लावा, नव्यावर लाकडी शिक्का मारा. हत्तीच्या दातानं गणपतीची जागा मागायची असेल, तर तसं माझ्या तोंडावर सांगा.