मामाच्या नावाचा केसपेपर

लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करता हो?" म्हणून विचारलं की हल्ली मी "नोकरी" एवढंच सांगते. गुन्हेगारांचं मन तपासते म्हटलं की लोक खुर्ची ओढून जवळ येतात. "मग माझ्या मनात काय चाललंय ते सांगा बघू!" अहो, तुमच्या मनात जिलेबी चाललीय, जा, घ्या जाऊन. वीस वर्षं हेच. जेलात जायचं, आरोपीशी तासन्‌तास बोलायचं, कोर्टासाठी अहवाल लिहायचा आणि पुढची तारीख ऐकून धारवाडला घरी यायचं. वडील वकील होते. म्हणायचे, "काळा कोट घाल, निदान बसायला खुर्ची तरी मिळेल." ऐकायला हवं होतं त्यांचं.

गेल्या वर्षी अळणावरकडची एक बाई माझ्याकडे आली. तिचा मुलगा धारवाडजवळच्या बेलूरला कारखान्यात कामाला होता. आपल्या डब्यात विष कालवतोय, असा संशय घेऊन त्यानं सोबतच्या कामगाराच्या डोक्यात सळई घातली. माणूस जागच्या जागी गेला. मुलगा तेव्हा खरंच आजारी होता की आता सुटण्यासाठी सोंग करतोय, एवढंच कोर्टाला माझ्याकडून हवं होतं. आजारी ठरला तर दवाखाना, सोंग ठरलं तर जन्मठेप.

"आधी कुठं दाखवलं होतं का? कागद आहे काही?" ठरलेला प्रश्न मी ठरलेल्या कंटाळ्यानं विचारला.

"हुबळीला, देशपांडे नगरात दाखवलं होतं की. तुमीच लिवून घेतलासा, अक्का."

वीस वर्षांपूर्वी, ही नोकरी लागण्याआधी, मी तिथल्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे केसपेपर लिहायला बसायची. लोक जिन्यापासूनच तोंड झाकून येत. "पोरीचं लग्न जमायचंय हो, खरं नाव नको," म्हणत. आणि मी, मोठी दयाळू, "सांगा कुठलंही, लिहिते मी," म्हणायची. काय कौतुक वाटायचं मला माझं! या बाईनं मुलाऐवजी आपल्या भावाचं नाव सांगितलं होतं. दोनदा औषध नेलं, लेकीचं लग्न ठरलं आणि येणं बंद झालं.

ते डॉक्टर आता नाहीत. त्यांच्या मुलानं माळ्यावरचे गठ्ठे काढून दिले. दोन दिवस धूळ खाल्ली तेव्हा कागद सापडला. "जेवणात विष घालतात म्हणतो," माझ्याच गोल गोल अक्षरात. वर नाव मामाचं. हा मामा नव्हे, भाचा, हे सांगू शकणाऱ्या जगात दोघीच, आई आणि मी. आईचं कोण खरं मानणार?

या प्रकरणात मीच साक्षीदार आहे, म्हणून अहवाल देणार नाही, साक्ष देईन, असं मी कोर्टाला कळवलं. तिला बाहेर बाकावर बसवून समजावलं, "सगळ्यांसमोर सांगावं लागेल. जावईही ऐकेल." दर तारखेला तिला गाडीवरून आणायचा तो जावईच. मेव्हण्यानं दारू पिऊन भांडण केलं, एवढंच त्याला माहीत. ती पदराशी चाळा करत राहिली. मग उठून जावयाच्या गाडीवर जाऊन बसली. खरं सांगू, त्या तारखेला मला सणकून ताप यावा असं वाटत होतं.

ताप कुठला यायला! साक्षीला उभी राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही जाणूनबुजून खोटं नाव लिहिलंत?"

"हो."

"मग तुमचे आजवरचे अहवाल कशावरून खरे?"

लाज वाटली, दुसरं काय.

"बरं, खोटं नाव कशासाठी?"

"बहिणीचं लग्न व्हायचं होतं. भाऊ वेडा आहे असं कळलं असतं तर मोडलं असतं."

मागं बाक करकरला. जावई उठला आणि सासूकडे न बघता बाहेर गेला. खाली गाडी सुरू झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं. आजाराचं सगळं अजून सांगायचं होतं, पण मी दाराकडे बघत थांबले.

आई त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग ती उभी राहिली. जज्जसाहेबांनीही तिला खाली बस म्हटलं नाही.

"सांगा, अक्का," ती म्हणाली. "आता थांबू नकासा. माजं लेकरू आजारीच हुतं."