फ्रिजच्या कुशीत गेलेला स्क्रू

आमचा फ्रिज मी मारला. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही.

इथे आखातात, अबू हलीफातल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर एवढंसं. फ्रिजच्या बाजूला मसाल्यांसाठी प्लास्टिकची टोपली ठोकावी, असं माझ्या मनाने घेतलं. (सुट्टीचा शुक्रवार होता. मन रिकामं होतं.)

स्क्रू मागितले, तर हार्डवेअरवाल्याने विचारलं, "सेल्फ-टॅपिंग? लोहे के लिए या प्लास्टिक के लिए?"

"दोनों के लिए."

"प्लास्टिक को मोटी चूडी लगती है, पतरे को बारीक. लगाना किस में है?"

आता घरची गोष्ट परक्याला कशाला सांगा! मी जन्माचा घुमा. म्हटलं, "लंबावाला दे दो. मजबूत!"

त्याने बारीक चूडीचे, म्हणजे बारीक आट्यांचे, टोकाला ड्रिलसारखी धार असलेले, पत्र्याला स्वतःच भोक पाडणारे लांबलचक स्क्रू दिले.

बायको भाजी आणायला गेली होती. पहिल्या स्क्रूने टोपली तडकली. दुसरा मात्र चिखलात पाय जावा तसा आत गेला आणि... फुस्स्स! फ्रिजने सुस्कारा टाकला. मी स्क्रू उपटून भोकावर बोट दाबलं. (फ्रिजच्या कुशीतून गॅसच्या नळ्या जातात, हे ज्ञान मला बोटामार्फत झालं.) सुस्कारा थांबला, कारण आत काही उरलंच नव्हतं! मग तडकलेली टोपली टेपने भोकावर चिकटवली आणि पेपर वाचत बसलो.

फ्रीजरमध्ये ओले काजूगर होते. सासूबाईंनी गुहागरला चिकाने बोटं पोळून घेत सोललेले, खास लेकासाठी. हा माझा मेहुणा इथेच, रिग्गईत राहतो. पुढच्या शुक्रवारी जेवायला यायचा होता.

संध्याकाळी बायकोला फ्रीजर पाझरताना दिसला.

"अगं बाई! मीच मेलीने कोंबकोंब कोंबलं त्यात! दम लागला हो त्याला!"

"हं," मी म्हणालो.

तिने भावाला फोन लावला. "बाळ्या, असशील तसा ये! आईचे काजूगर फुकट जातील!"

"ताई, ड्युटीवर आहे गं. कसा येऊ?"

सगळ्याची उसळ झाली. शेजारी जेवले. मी दोनदा वाढून घेतलं!

"दुसऱ्या कुणी घर डोक्यावर घेतलं असतं," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत!"

भंगारवाला फ्रिज टोपलीसकट घेऊन गेला. बायको आता माहेरून काजूगर आणत नाही. म्हणते, नव्या फ्रिजला त्रास नको. ओळखीच्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझा शांतपणा शिकवतात.

मेहुण्याला उसळ आणि बायकोला कबुली, दोन्ही मी अजून देणं लागतो.