घोषणाताईंची तक्रार

बसस्थानकावरच्या त्या काचेच्या खोलीत धड पंखाही नव्हता, पण घोषणाताई घामाघूम होऊनही माईकवर कधी वसकन बोलल्या नाहीत. आवाज असा, की भरल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनीही मान डोलवावी. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," एवढं म्हणाल्या की रडणारं पोरसुद्धा क्षणभर थांबायचं. मग गाडी, गाव, फलाट, आणि पुन्हा एकदा तेच सगळं. पहिल्या वेळी कोणी ऐकतच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. चेहऱ्याने त्यांना कोणी ओळखत नसे. बाजारात भाव करायला तोंड उघडलं, की मात्र भाजीवाला हसायचा, "ताई, आज गाडी कितव्या फलाटावर?"

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची लेकरं हेच घर. भाऊ त्याच आगारात ड्रायव्हर. त्याच्या गाडीची घोषणा करताना ताईंचा सूर किंचित चढायचा.

एकदा जेवताना भाऊ घास हातातच धरून बसला. "ताई, पुढच्या चाकांना पुन्हा रिमोल्ड चढवलेत. घासलेल्या टायरवर रबराचं नवं कातडं! मागे एक वेळ चालतं गं, पण पुढे? वळणावर फुटला तर गाडी माझं ऐकेल का? नवे टायर येतात आणि मागच्या दाराने जातात."

"मग सांग ना साहेबांना."

"साहेबांनीच तर दार उघडं ठेवलंय."

"तुम्ही गप्प बसा हं," भावजय म्हणाली. "उगाच विस्तवाशी खेळ नको."

भावाने हातातला घास तोंडात घातला. ताईंना मात्र घास गिळवेना. भ्रष्टाचाराच्या तक्रारीसाठी सरकारने एक फोन ठेवला होता. स्थानकाच्या भिंतीवर पाटीच होती, नाव सांगायची गरज नाही म्हणून. ताईंनी बाहेरच्या दुकानातून फोन लावला. पलीकडून "बोला" आलं आणि इतक्या वर्षांची सवय जिभेवर धावून आली. "कृपया इकडे लक्ष द्यावे," ताई म्हणाल्या. मग टायरचं सगळं सांगितलं. आणि पुन्हा एकदा सांगितलं.

फोन ठेवल्यावर स्वतःच्या वेडेपणाचं त्यांना इतकं हसू आलं, की तोंडावर रुमाल धरावा लागला. असं मोकळं हसू पुढे कधी आलं नाही.

नाव गुप्त राहिलं हो, कागदावर कुठेच नव्हतं. पण तक्रारी घेणाऱ्या त्या कचेरीतल्या कोणीतरी फोनचं रेकॉर्डिंग 'खुलाशासाठी' म्हणून आगारप्रमुखांकडेच धाडलं. साहेबांनी चहा पिता पिता ते लावलं. पहिल्याच वाक्याला कपबशी खाली ठेवली.

"अरे, ही तर आपली घोषणाताई! थांबा, थांबा, आता पुन्हा एकदा सांगेल बघा."

आवाजाने खरंच पुन्हा एकदा सांगितलं. खोलीत हशा पिकला.

ताईंची रवानगी हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. छत्र्या, डबे, एकेकट्या चपला, कोणाची तरी कवळी. माईकवर एक खोकणारा कारकून बसला. "घशाला जरा विश्रांती द्या, ताई," साहेब गोड हसून म्हणाले. भावाच्या वाट्याला आगारातला सगळ्यात खटारा आला आणि घाटाची फेरी. तो ताईंशी बोलेनासा झाला. भावजय एकदाच बोलली. "वन्सं, तोंड तुम्ही उघडलंत. घास आमच्या तोंडचा जाईल."

घास जायच्या आधी भावाचा पाय गेला. घाटातल्या वळणावर पुढचा टायर फुटला. दरीकडे ओढणारी गाडी त्याने जिवाच्या आकांताने डोंगरावर घातली. प्रवासी वाचले. अहवाल आला: टायर नवा होता, चूक चालकाची.

ताई चहा घेऊन खाटेपाशी गेल्या. भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला, "ताई, मी सावकाशच होतो गं."

कितीतरी दिवसांनी तो त्यांच्याशी बोलला होता.

मग एका दुपारी आगारातला टायर बसवणारा मेकॅनिक ताईंच्या खिडकीशी आला. कामाशिवाय तोंड उघडत नाही म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणत. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पुढे सरकवलं. "सापडलेली वस्तू आहे. जमा करून घ्या."

आत रबराचं कातडं होतं. सोलून निघालेलं, भावाच्या गाडीचं.

"मीच बसवला होता, ताई, साहेबांच्या सांगण्यावरून. हे भंगारातून उचललं. मी करू का फोन? पण घरी आई अंथरुणावर आहे..."

ताईंनी ते रबर कितीतरी वेळ हातात फिरवलं.

"तू नको रे. तुझा आवाज अजून कोणाला ठाऊक नाही, तो तसाच राहू दे. माझा काय, उघडाच पडलाय."

"अहो, पण तुमची नोकरी?"

"छत्र्या तर सांभाळते. तेवढं घरीही करीन."

या वेळी त्या फोनच्या नादी लागल्या नाहीत. गाठोडं काखेत मारून थेट त्या तक्रारीच्या कचेरीत खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मागे रांग, रांगेत कुजबुज.

"नाव सांगायची गरज नाही, बाई," कारकून मान वर न करता म्हणाला.

"आहे. लिहा." ताईंनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. "आणि मला पोच हवी."

मग नेहमीसारखा पोटातून श्वास घेतला. पण ते जुनं वाक्य काही केल्या घशाबाहेर येईना. आवाज फाटला.

"माझा भाऊ सावकाशच होता," एवढंच आलं. कारकुनाने मान वर केली.

मग ताई पुन्हा एकदा म्हणाल्या, "माझा भाऊ सावकाशच होता."