फूटपट्टीची अवतरणचिन्हं

ऑफिसात आत्याला पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, हेच लोकांना जास्त खुपायचं.

तिची कंपनी कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचं, सुधारायचं एक सॉफ्टवेअर बनवायची. ते कसं वापरायचं हे सांगणारी मदतीची पानं आत्याच्या ताब्यात होती. दाबायची बटणं ठळक अक्षरांत, टाइप करायच्या आज्ञा वेगळ्या टंकात, इशारे करड्या चौकटीत. कुणी इशारा ठळक करून पाठवला की पान परत. वाचणाऱ्याचा डोळा एकदा शिकतो, त्याला रोज नवी शाळा नको, असं ती म्हणायची. पण इतक्या तुच्छतेनं, की पटलेला माणूसही भांडायला उठे.

सगळ्यात जास्त भांडायचा काका, तिचा सख्खा धाकटा भाऊ. प्रोग्रामरांचा प्रमुख तो. घरी दोघं एकाच टेबलावर जेवत आणि मीठ आजीमार्फत मागत. पानं सगळ्यांना लिहायला खुली करावीत, हा काकाचा धोशा. तसं झालं तर आत्याचं तिथे काय उरणार, हे दोघांनाही कळत होतं.

नवी आवृत्ती निघायच्या तोंडावर आत्याला पानांत दोन तऱ्हेची अवतरणचिन्हं दिसली. काही सरळ, काही वळणदार. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं एका फटक्यात सगळ्या पानांवरची सरळ चिन्हं वळणदार केली आणि समाधानानं घरी गेली. आज्ञांमधली चिन्हंही त्यात वळली. सॉफ्टवेअरला मात्र सरळच चिन्ह कळे. लोक मदतीतली आज्ञा उचलून चिकटवत आणि ती चालेना. तक्रारींची रीघ लागली.

मीटिंगमध्ये काकानं तिचं पान पडद्यावर लावलं.

“ताई, दिसायला किती देखणं आहे बघ. फक्त चालत नाही.”

“तुझ्या सॉफ्टवेअरला वळण नाही, त्याला मी काय करू?”

कुणी हसलं नाही. तिचा चेहरा उतरलेला सगळ्यांनी पाहिला, आणि कुणालाच वाईट वाटलं नाही.

पानं सगळ्यांना खुली झाली. आत्यानं दुरुस्त्या सुचवायच्या. काकानं मंजूर केल्याशिवाय तिचं एक अक्षरही हलणार नाही, असं ठरलं.

ती राजीनामा देईल अशी त्याची अटकळ असावी. दुसऱ्या सकाळी ती आली, चष्मा पुसला आणि आज्ञांमधली चिन्हं सरळ करायला बसली. सगळी एकगठ्ठा पाठवता आली असती. आत्यानं प्रत्येक चिन्ह वेगळं सुधारलं, वेगळं मंजुरीला धाडलं, आणि प्रत्येकाखाली कारण लिहिलं.

दुपारी काका तिच्या टेबलाशी आला. “ताई, हा छळ आहे.”

“नियम तुझा आहे.” तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. “आणि मघाशी एक न वाचताच मंजूर केलंस. त्याच्याखाली कारणाची जागा मी मुद्दाम रिकामी सोडली होती. पुन्हा पाठवते.”

काका जागेवर परतला. खुर्ची ओढून बसला आणि पहिल्यापासून वाचू लागला.