काकांच्या नावानं गायलेला विलाप

अमिरातीत, अल ऐनला आमच्या कॉलेजात एक प्रोजेक्ट होता. इथे राहणाऱ्या परदेशी कुटुंबांकडची जुनी गाणी रेकॉर्ड करून ठेवायची. माझ्या वाट्याला तुर्की बेकरीवाल्यांचं घर आलं. बाबांचं डब्यांचं किचन त्यांच्या शेजारीच आहे, म्हणून ओळख होती. मी त्यांना चाचा म्हणते. ते गिऱ्हाइकांकडून शिकलेलं हिंदी बोलतात. त्यांची आई, म्हणजे आजी, घरात तुर्कीसुद्धा बोलत नाही. ती तुर्कस्तानच्या पूर्वेकडच्या डोंगरातली, तिची भाषा झाझाकी. चाचांच्या मुली तिला इंग्रजीत उत्तरं देतात.

त्यांच्याकडे माणूस गेलं की घरातली बाई त्याचं नाव घेऊन, त्याच्या आयुष्यातल्या गोष्टी गुंफून गाते. चाचांचा मामा तरुणपणी गेला, तेव्हा आजीनं गायलेला विलाप एका कॅसेटवर होता. ती कॅसेट डिलिव्हरीच्या गाडीत राहिली आणि जुलैच्या उन्हात वाकडी झाली. प्लेयरमध्ये बसेचना. मी टेप सोडवून बघितली, तर तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले.

त्यातच आजीच्या घशात गाठ निघाली. गुरुवारी ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

बुधवारी दुपारी रेकॉर्डर घेऊन निघाले, तेव्हा बाबा भाजीला फोडणी देत होते.

"कॉलेजात शिकायला घातलंय की लोकांची रडगाणी गोळा करायला?"

"मार्क आहेत त्याला, बाबा."

"रडायचे मार्क! धन्य आहे."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे मी खरं सांगतेय की थट्टा करतेय, हे त्यांना कळत नाही. कधी कधी मलाही नीट सांगता येत नाही.

आजीनं मला चहा दिला, पण गायला नकार दिला. चाचांनी समजावलं, मग चिडले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलती है, भाई के लिए एक बार गा चुकी. दुबारा गाया तो उसकी कब्र खुलती है. और बिना मय्यत के गाया, तो गाना खुद मय्यत ढूँढता है. घर में बच्चियाँ हैं." मग तिच्याकडे हात करत ते मलाच ओरडून म्हणाले, "खलास! कल के बाद गाएगी भी कैसे?"

 आजीनं माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

चाचांनी कपाळावर हात मारला. "पूछती है, तेरे घर में कोई ऐसा मरा है, जिस पर किसी ने रोया नहीं?"

मला लगेच मोठे काका आठवले. बाबांचे थोरले भाऊ. बाबांना त्यांनीच वाढवलं. ते गेले तेव्हा बाबांचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. बाबांनी फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला बसले, कारण डबे जायचे होते. आमच्याकडे कुणी रडलं नाही.

बाबांना न विचारता काकांचं नाव द्यावं का, मला कळेना. पण दुसरा दिवस गुरुवार होता. मी नाव सांगितलं.

आजीनं ते दोनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, दारात झाड कुठलं होतं? चालायचा कसा? हाक कशी मारायचा? मला एकही उत्तर येईना. मी बाबांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काकांच्या दारात झाड कुठलं होतं, बाबा?"

"आत्ता? अगं, डबे भरतोय मी."

"सांगा ना."

"...रामफळाचं. का?"

मी कसंबसं सांगितलं. पलीकडे झाऱ्याचा आवाज थांबला. मग बाबा बोलायला लागले. काका डाव्या पायानं लंगडायचे. बाबांना हाक मारताना आधी शीळ घालायचे. चाचा एकेक गोष्ट आईला सांगत गेले. तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि गायला सुरुवात केली. शब्द मला कळत नव्हते. मध्येच काकांचं नाव यायचं. तिसऱ्या कडव्यात तिचा घसा बंद झाला. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पण नुसती हवा आली. फोनवर बाबांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी फोन ठेवला नव्हता.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाज गेला.

आठवड्यानं मी रेकॉर्डिंग घेऊन बेकरीत गेले. आजी खुर्चीत बसली होती, गळ्याला पट्टी. चाचांनी पिठाच्या हातानंच हेडफोन लावला. पूर्ण ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

"बेटा, मशीन से नाम बदलता है ना? तेरे काका का निकाल दे. मेरे मामू का डाल दे."

मी म्हणाले, काढता येईल. पण घालायचं तर ते नाव आजीच्या आवाजात हवं. ते त्या कॅसेटवरच होतं.

चाचा आईपुढे गुडघ्यांवर बसले आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मी घाईघाईनं रेकॉर्डर तिच्या तोंडाजवळ धरला. तिनं ओठ हलवले, अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा. चाचा मान डोलवत होते, त्यांना नाव दिसत होतं.

घरी येऊन मी ते आवाज वाढवून ऐकलं. भट्टीच्या पंख्याखेरीज त्यात काहीच नाही.